धाकट्या डब्याची नोंदवही

गोरेगाव,
जि. हिंगोली,
११ नोव्हेंबर १९९९

देविदास,

तुझे पत्र पोचले. परंतु अत्यंत खेदपूर्वक कळवावे लागते की ते अपूर्ण पोचले. पाकीट बंद करताना तू जो डिंक वापरलास, तो बहुधा जहाजांच्या तळाची भोके बुजवण्यासाठी तुमच्या गुजरातेतल्या बंदरावर ठेवलेला असावा. मी पाकीट वाफेवर धरले, सुरीने खरवडले. शेवटी आमच्या सौ. शालूबाईंनी "आणा इकडं, तुमच्यानं नुसता श्लोकच सुटतो" असे म्हणून ते ओढले आणि पत्राचा वरचा दोन बोटे कागद पाकिटालाच चिकटून राहिला. त्यामुळे तू मला 'प्रिय' लिहिले होतेस, 'आदरणीय' लिहिले होतेस की काहीच न लिहिता मजकुराला हात घातला होतास, याचा निर्णय आता कोणत्याही शास्त्राने होणे नाही. डिंकाच्या बाबतीत इतका विवेकशून्य असलेल्या गृहस्थाला डॉक्टरेट द्यावी की नाही, याचा विद्यापीठाने शांतपणे विचार करावा, असे माझे नम्र मत आहे.

खालचा मजकूर शाबूत होता. तो वाचल्यावर तीन दिवस मला उत्तर लिहायला बसता आले नाही.

मी रेल्वे पार्सलने पाठवलेला धाकटा डबा, म्हणजे माझ्या पडवीत चालणारा तुझा छोटा ट्रान्सफॉर्मर, तुम्ही उघडलात. आत तुझे काळे तेल नव्हते. तळाशी चोथा आणि वर करपट वास. तुझे मार्गदर्शक सर म्हणाले की नोंदवहीप्रमाणे हा डबा सव्वीस ऑक्टोबरपर्यंत साठ अंशांवर सुखाने चालत होता आणि सत्तावीसला एकाएकी जळाला. हळूहळू बिघडणारे यंत्र दुरुस्त करता येते, पण इशारा न देता जळणारे यंत्र कोणी आपल्या दारात उभे करू देणार नाही. तेव्हा पंधरा जानेवारीला समिती बसण्यापूर्वी गोरेगावचा प्रयोग तू मागे घ्यावास. आणि गोरेगाव वगळले तर प्रबंधात उरते काय, असे तू मलाच विचारतोस. शाळेची रजा रद्द करून परत यावे आणि आठवी 'ब'ला उष्णतेचे वहन शिकवावे, असेही तुझ्या मनात येऊन गेले म्हणतोस.

त्यापुढे तू लिहिले आहेस, "वही तुझ्या हातची आहे एवढे बरे. दुसऱ्या कोणाची असती तर मी म्हटले असते, आकडे चुकीचे आहेत."

हे वाक्य मी वाचले.

काल बुधवारी तुझी आई तांड्यावरून आली होती. पत्र आले असे तिला कोणी सांगितले कोण जाणे, पिशवी खांबाला टेकवून पडवीत बसली. डब्यांच्या जागेकडे बघून म्हणाली, एकच काहून? मी म्हटले, धाकटा तुझ्या लेकाकडे गेलाय, तपासणीला. तांड्यावरची डीपी यंदाही गेली आहे. हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आली, सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या, आणि डीपीतले तेल उकळून ती बसली. रूपाबाई तिथल्या लोकांना सांगत असते की थोडं थांबा, माझा देविदास थंड डीपी करून राहिला.

मग मी तिला पुन्हा एकदा तुझे शास्त्र समजावले. तेलात लोखंडाचे इतके बारीक कण की ते बुडत नाहीत. प्रत्येक कणाच्या अंगावर साबणासारखा एक अंगरखा, म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत. बाजूला चुंबक. थंड तेलाला चुंबकाची ओढ जास्त, तापलेल्याला कमी. म्हणून थंड तेल पुढे येते, तापलेल्याला मागे रेटते, ते मागे जाऊन निवते आणि पुन्हा पुढे येते. पंप नाही, पंखा नाही, तेल आपले आपण फिरत राहते. तिने लक्ष देऊन ऐकले.

"म्हंजी तापलेल्यानं मागं सरायचं," ती म्हणाली, "अन् निवल्यावरच पुढं यायचं. माज्या सासूला हे आयुष्यात जमलं न्हाई गुरुजी, तेलाला कसं जमलं?"

याचे उत्तर तुझ्या प्रबंधात असेल तर कळव.

पत्र मी वाचून दाखवले. त्यात तिच्यासाठी एक ओळही नव्हती, म्हणून मी एक घातली. जुन्या पोथ्यांत नंतरच्या माणसाने असे श्लोक घुसडलेले असतात, त्यांना आम्ही प्रक्षेप म्हणतो आणि घुसडणाऱ्याची निंदा करतो. माझा प्रक्षेप असा होता: 'आईने गुडघ्यांना तेल चोळत जावे आणि उन्हात बसावे.' ती प्रसन्न झाली. हार मानण्याचा तुझा परिच्छेद मी गाळला.

ऑक्टोबरात डब्याला विशेष काही झाले का, असे तू विचारतोस. विशेष असे काही नाही. खंडेनवमीला घरातले विळे-कोयते, शालूबाईंचे शिलाई मशीन आणि माझा टाक मांडला, तसे तुझे दोन्ही डबेही पुसून मांडले. शाळेत तर पृथ्वीच्या गोलालाही हळदकुंकू लागते, हे तुला माहीत आहे. डब्यांना लावले ते बाहेरून.

थोरला, म्हणजे साध्या तेलाचा डबा, अजून चालू आहे. मार्चपासून दोन्ही डब्यांवर भार म्हणून लावलेले आठ दिवे भर दिवसा जळताना बघून गावाने माझ्याबद्दल जे मत बनवायचे ते बनवले आहे. आता चारच जळतात. शालूबाईंची तक्रार अशी की दिव्यांच्या उबेवर शेवया लवकर वाळायच्या, त्या आता वाळत नाहीत.

परत यायची घाई करू नकोस.

तातेराव


गोरेगाव,
३० नोव्हेंबर १९९९

देविदास,

तुझे पोस्टकार्ड आले. पोस्टकार्डाला डिंक लागत नाही, हा शोध तू लावलास याबद्दल अभिनंदन. गावच्या पोस्टमनने ते माझ्याआधी वाचले आणि दारातच विचारले, "गुरुजी, वायसर उलटं कोणी बसवलं?"

तेव्हा आता सगळ्या गोरेगावाला ठाऊक आहे की धाकट्या डब्याच्या झाकणाला आठ स्क्रू होते आणि त्यांतल्या सहाव्याखालची रबरी चकती तुला उलटी सापडली. तू ती स्वतः बसवली होतीस आणि तू चकत्या उलट्या बसवत नाहीस. हे मला मान्य आहे. वसतिगृहात तुझी ट्रंक सुद्धा काटकोनात असायची.

झाकण मी उघडले होते.

कसे ते सांगतो. खंडेनवमीच्या सकाळी तुझी आई तांड्यावरून चालत आली. नारळ, हळदकुंकू आणि पाण्याचा गडू घेऊन. म्हणाली, सगळ्यांच्या नांगरा-वखराची पूजा होते, माझ्या लेकाच्या हत्याराची कोण करील? मी म्हटले, मावशी, केली आहे, हे काय कुंकू. तिने डब्यावरून हात फिरवला. मग डोळे बारीक करून माझ्याकडे पाहत म्हणाली,

"ह्यो तर पत्र्याचा डबा हाय गुरुजी. पोरगं पंचेचाळिशीत घरदार सोडून शिकाया गेलं, ते ह्या पत्र्यासाठी न्हाई गेलं. आत काय हाय ते मला कोणी दाखवलंच न्हाई."

तू दाखवले नव्हतेस, देविदास. मार्चमध्ये तू इथे चार दिवस होतास. मला, मुख्याध्यापकांना, एवढेच काय शेजारच्या उकंडरावालाही बाटलीतले तेल दाखवलेस. तांड्यावर फक्त जेवायला गेलास.

मी वीज बंद केली, डबा निवू दिला आणि आठही स्क्रू काढले. तू दिलेला जादा चुंबक हातात घेऊन तेलाच्या पृष्ठभागाजवळ नेला. तेल फुगून वर आले. चुंबक जिकडे नेला तिकडे ते उंचवटा करून वळत होते. रूपाबाईने पदर सावरला. मी सरस्वतीच्या मूर्तीपुढे लोकांना पदर सावरताना पाहिले आहे, पण इतक्या चटकन नाही.

"काळं हाय," ती म्हणाली, "पर ओळखीनं वर येतं."

नंतर मी झाकण लावले. घाईत चकती उलटी बसली असेल. मार्गदर्शक सरांना सांग की उघडण्यात शिस्तभंग झाला, तो माझा. एवढ्याने तेलाला काही व्हायचे कारण नाही, असे मला वाटते. हवा काय, मार्चमध्ये भरतानाही लागलीच होती.

शालूबाई विचारतात की तिकडे ज्वारीची भाकरी मिळते का. मी सांगितले, तो समुद्रकाठी आहे, तिथे माणसे वाळूची भाकरी करतात. त्यांनी विश्वास ठेवला नाही.

तातेराव


गोरेगाव,
१४ डिसेंबर १९९९

देविदास,

तुझ्या विद्यापीठात चोथ्यालाही चौकशी आयोग बसतो, हे मला ठाऊक नव्हते. त्यात चुन्याचा अंश सापडला, तेल-लोखंड-साबणाच्या या कुटुंबात चुना कुठून आला, असे तू विचारले आहेस. आणि खाली, 'तू पान खात नाहीस, म्हणून तुला विचारतो.'

कुंकवात असतो. हळदीला चुन्याचा हात लागल्याखेरीज ती लाल होत नाही. हळदीच्या बाजारपेठेच्या सावलीत वाढलेल्या माणसाने हे विचारावे, याचे आश्चर्य वाटते. पण मी विषयांतर करत आहे आणि का करत आहे ते मला कळते आहे.

मागच्या पत्रात मी झाकण उघडल्याचे लिहिले आणि लावल्याचे लिहिले. मधले लिहिले नाही.

तेल वर आले तेव्हा रूपाबाई म्हणाली, आता मंत्र म्हणा. कोणता म्हणायचा? नांगराचा आहे, शस्त्राचा आहे, लेखणीचा आहे. चुंबकाच्या तेलाचा मंत्र कोणी ऋषी सांगून गेलेला नाही. परंतु मी त्या सकाळी स्नान करताना एक श्लोक रचून ठेवला होता. खरे सांगायचे तर पूजेला कोणी तरी यावे आणि तो ऐकावा अशी माझी इच्छा होती. चार चरण, निर्दोष अनुष्टुभ, अयस्कांताला, म्हणजे चुंबकाला, उद्देशून, आणि तिसऱ्या चरणात तुझे नाव गुंफलेले. तेवीस वर्षे मी मुलांकडून विभक्ती घोकून घेतो आहे. माझा स्वतःचा श्लोक ऐकायला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी हात जोडून उभे होते.

तिसरा चरण सुरू झाला. तिने तुझे नाव ऐकले. बाकी काही तिला कळायचे कारण नव्हते, पण 'देविदास' कळले. तिने चिमटीत हळदकुंकू घेतले, गडूतले पाणी ओंजळीत घेतले, आणि मी तिचा हात उघड्या डब्याकडे जाताना पाहिला. स्पष्ट पाहिला. एक 'थांबा' म्हटले असते तर पुरे होते.

मंत्र मध्येच तोडू नये असे आम्हाला लहानपणी शिकवलेले आहे. मी चौथा चरण पूर्ण केला.

कुंकू आणि पाणी तेलात गेले. पाणी लगेच दिसेनासे झाले, लाल रंग क्षणभर तरंगला आणि चुंबक हलताच आत ओढला गेला. मला वाटले, एवढेसे ते, काय होणार. झाकण लावले आणि तिला चहा दिला. ती जाताना सांगून गेली की दसऱ्याचं सोनं द्यायला परत येईन.

हात तिचा होता. थांबवायचे काम माझे होते. कोणाला लिहायचे असेल तर माझ्या नावावर लिही. तिला अजून काही माहीत नाही, आणि तू एवढ्यात कळवू नयेस अशी विनंती आहे.

श्लोक पाठवत नाही. तो मी जाळला म्हणून लिहिणार होतो, पण जाळलेला नाही. कपाटात आहे.

तातेराव


गोरेगाव,
४ जानेवारी २०००

देविदास,

तुझे सव्वीस तारखेचे पत्र शनिवारी पोचले. शाळा सुटेपर्यंत खिशात ठेवले, कारण ते जाड होते आणि मला जाड पत्रांची भीती वाटू लागली आहे.

तू रागावशील म्हणून मी मनाची तयारी केली होती. रागाचा एक शब्द नाही. उलट तू लिहितोस की कुंकवाची गोष्ट वाचून तू प्रयोगशाळेत धावत गेलास, नवा डबा भरलास, त्यात चिमूटभर कुंकू आणि ओंजळभर पाणी घातलेस आणि आठवडाभर तिथे ठाण मांडून बसलास. चुन्याने कणांचे अंगरखे काढून घेतले. कण एकमेकांना चिकटू लागले, तेल फिरेनासे झाले. तपमान रोज दोन-तीन अंश चढत गेले आणि सातव्या दिवशी ऐंशीच्या पुढे गेल्यावर तू वीज तोडलीस. म्हणजे तुझ्या द्रवाचा दोष नव्हता, आणि इशारा तर तो रोज देत होता.

पुढचे पान उलटले तेव्हा मला वाटले आता आनंदाची बातमी. तिथे तू लिहिले आहेस की सरांनी वही काढून समोर ठेवली. अठरा ऑक्टोबरला कुंकू पडले असेल तर एकोणीसपासून आकडे चढायला हवेत. वहीत एकसष्ट, साठ, साठ असे सव्वीसपर्यंतचे आठ दिवस आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत. आणि तू, देविदास, तू सरांना म्हणालास, "वही तातेरावची आहे. कुंकवाचे कारण सोडून द्या, माझ्याच डब्यात काही चुकले असेल." स्वतःच्या डोळ्यांनी सात दिवस पाहिलेली गोष्ट तू माझ्या अक्षरासाठी बाजूला ठेवलीस. पंधरा तारखेला प्रयोग मागे घेतो, असे लिहून पत्र संपवलेस.

वहीतले वीसपासूनचे सात दिवस मी बनवलेले आहेत.

दसऱ्याच्या संध्याकाळी एकसष्ट होते, ते मी खरे लिहिले. वीसला त्रेसष्ट दिसले. मी काचेवर बोटाने टिचकी मारून पुन्हा पाहिले, त्रेसष्ट. वाटले, उद्या उतरेल, उगीच तुला काळजी; आणि मग झाकण का उघडले ते सांगावे लागेल. वहीत साठ लिहिले. नेहमीसारखेच सुबक अक्षर आले. एकवीसला पासष्ट असताना साठ लिहिणे आदल्या दिवसाच्या मानाने सोपे गेले. कोजागिरीला बाहत्तर, म्हणजे धाकट्याने थोरल्यालाही मागे टाकले. त्या दिवशी मी कपातले दूध अर्धवट ठेवले, आणि वहीत एकसष्ट लिहिले, कारण सारखे साठच लिहिले तर संशय येईल असे वाटले. इतका विचार मला सुचला. सव्वीसला ब्याऐंशी होते. मी वीज तोडायला हवी होती. तोडली असती तर का तोडली ते लिहावे लागले असते. सत्तावीसच्या दुपारी मी शाळेत असताना शालूबाईंना पडवीत धूर दिसला. त्यांनी माठातले पाणी न टाकता मुख्य बटण बंद केले, एवढी तरी एका माणसाला अक्कल होती.

म्हणजे तेल आठ दिवस सांगत होते आणि मी त्याचे तोंड दाबून धरले होते. सर ज्याला 'इशारा न देता जळणारे' म्हणतात, ते माझ्या वहीने तयार केले.

आता सोबतच्या दोन कागदांबद्दल. ती पंचांगाची आश्विनाची पाने आहेत. शुक्ल पक्षाचे आणि कृष्ण पक्षाचे. मला रोज संध्याकाळी तिथीसमोर काहीतरी टिपायची सवय आहे: पाऊस, कोणाचे बारसे, शालूबाईंची डोकेदुखी. डब्यासमोरून उठल्यावर वहीत खोटे लिहायचो आणि घरात येऊन तिथीसमोर खरा आकडा मांडायचो. का, ते मला नीट सांगता येत नाही. पुण्य म्हणून नक्कीच नाही. आकडा डोक्यात घेऊन जेवायला बसवत नव्हते, एवढेच. थोरल्याचेही आकडे शेजारी आहेत. तुझ्या प्रयोगशाळेतल्या सात दिवसांशी ते ताडून बघ. मला त्यातले शास्त्र कळत नाही, पण दोन्ही रांगा शेजारी ठेवल्या तर त्या बहिणी वाटतात.

मार्च ते एकोणीस ऑक्टोबरचे वहीतले सगळे आकडे खरे आहेत. हे वाक्य लिहिताना मला जाणवले की हेच वाक्य मी खोटे असतानाही याच अक्षरात लिहिले असते.

काल मी तांड्यावर जाऊन आलो. आधी तुझ्या आईला सांगायचे ठरवले होते, म्हणजे मग तुला लिहिताना मागे फिरता येणार नाही. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी सगळे सांगितले: कुंकू, पाणी, चुना, धूर. तिचे हात थांबले. मी म्हटले, मावशी, चूक माझी आहे. तिने मान हलवली. नाही म्हणाली की हो, ते मला कळले नाही.

"माज्या हातानं झालं असं लिवा त्याला," ती शेवटी म्हणाली. "तो माज्यावर रागावंल. रागावू द्या, माय हाय मी, दोन दिसात निवंल. पर तुमी काहून झाकून ठिवलं? तुमाला तर लिवता येतं."

तिने सोललेले दाणे माझ्या रुमालात बांधून दिले. दारापर्यंत आली आणि तिथे तिने विचारले की ते गुडघ्यांना तेल लावायचे त्याने खरेच लिहिले होते का. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, व्हय, मला वाटलंच. त्याला माज्या गुडघ्याचं माहीतच न्हाई.

तर तेही आता तुला माहीत झाले. उजवा जास्त दुखतो.

हे पाकीट घेऊन मी उद्या पहिल्या जीपने हिंगोलीला जातो आहे. गोरेगावच्या पेटीत टाकले तर पंधरापूर्वी पोचेल याचा भरवसा नाही. जिल्हा होऊन आठ महिने झाले तरी टपाल अजून परभणीलाच वळसा घालून जाते अशी मला शंका आहे. मोठ्या पोस्टातून रजिस्टर करतो. समितीपुढे माझे नाव घ्यावे लागेल, घे. खोटी नोंद कोणी केली असे विचारले तर हुद्द्यासकट सांग. शाळेला कळले तर कळू दे. त्यासाठी लागेल तो कबुलीजबाब वेगळ्या कागदावर सही करून सोबत ठेवला आहे. त्यात एकही विनोद नाही, तपासून बघ.

प्रयोग मागे घेऊ नकोस. तेल चांगले होते. मी ते सात महिने रोज पाहिले आहे. साध्या तेलापेक्षा दहा-अकरा अंश थंड, मे महिन्यातसुद्धा.

आता राहिले एकच, आणि ते लिहायला मी दोनदा उठून पाणी पिऊन आलो. पंधरा तारखेचे काय होईल याची काळजी आहेच, पण मला झोप लागत नाही ती त्यामुळे नाही. वसतिगृहात आपण एका खोलीत आलो तेव्हापासून तीस वर्षे झाली, आणि तीस वर्षांत तू माझे एकही वाक्य तपासून पाहिलेले नाहीस. आता पाहशील. पाहायलाच हवे. मला त्याचीच भीती वाटते.

तातेराव